आधी एक अक्षर घडवा, मग मेंदूकडे वळा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली मुलं, भाषाविज्ञानात एम.ए. करणारे, ऑडिऑलॉजी (श्रवणविज्ञान) शिकणारे असे तिन्हीकडचे विद्यार्थी मला एकच गोष्ट विचारतात: कॉम्प्युटरचा आवाज (स्पीच सिंथेसिस, म्हणजे मशीननं बोलणं घडवणं) आणि मेंदूतली भाषा या दोन्हींवर एकत्र काम करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची? बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. आधी डीप लर्निंग शिकायचं, मग कुठून तरी मेंदूचा डेटा मिळवायचा आणि दोन्ही जोडून द्यायचं. मी इलेक्ट्रॉनिक्समधून या क्षेत्रात आले, आणि माझं मत याहून वेगळं आहे. आधी एका अक्षराचा आवाज कॉम्प्युटरवर स्वतःच्या हातानं घडवायला शिका. हुबेहूब माणसासारखा बोलणारा आवाज आज कुणालाही मिळतो. संशोधनाला लागतो तो आवाजावरचा ताबा.

मेंदूला प्रश्न विचारायचा तर आवाजातली एकच गोष्ट बदलता आली पाहिजे आणि बाकी सगळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. माणसाला हे जमत नाही. लागोपाठ पाच वेळा 'दा' म्हणून बघा. दर वेळी लांबी, पट्टी, जोर थोडा थोडा हलतोच. मशीनला मात्र हे जमतं, आणि म्हणूनच या दोन विषयांचं नातं मेंदूचे स्कॅनर येण्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

न्यूयॉर्कच्या हॅस्किन्स लॅबोरेटरीजमध्ये 1940 च्या दशकाच्या अखेरीस फ्रँकलिन कूपर आणि सहकाऱ्यांनी पॅटर्न प्लेबॅक नावाचं यंत्र बांधलं. पारदर्शक पट्टीवर पांढऱ्या रंगानं स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या क्षणी आवाजात कुठल्या वारंवारता आहेत ते दाखवणारं चित्र) रंगवायचा, त्यावर प्रकाश टाकायचा, आणि यंत्र ते चित्र 'वाचून' बोलायचं. आवाजाचा मूळ सूर 120 हर्ट्झला बांधलेला, त्यामुळे आवाज एकसुरी. पण दुसऱ्या फॉर्मंटची सुरुवात किंचित वर-खाली करून बघता येत होती. (फॉर्मंट म्हणजे तोंडाच्या आकारामुळे आवाजातल्या ज्या वारंवारता जोर धरतात त्या.) 1957 मध्ये अल्विन लिबरमन आणि सहकाऱ्यांनी याच तंत्रानं 'बे' ते 'दे' ते 'गे' अशी समान पायऱ्यांची मालिका लोकांना ऐकवली. आवाज हळूहळू बदलत होता, पण ऐकणाऱ्यांना मधलं काही ऐकू येतच नव्हतं. ठरावीक जागी 'बे' संपून एकदम 'दे' सुरू. 2010 मध्ये एडवर्ड चँग आणि सहकाऱ्यांनी तशीच सिंथेटिक 'बा-दा-गा' मालिका शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड ठेवलेल्या रुग्णांना ऐकवली. कानाच्या वरच्या बाजूचा जो टेंपोरल भाग आहे, तिथल्या प्रतिसादांतही तेच तीन गट पडले. दोन्ही प्रयोगांमध्ये पन्नासहून जास्त वर्षांचं अंतर आहे आणि प्रश्न विचारायची रीत तीच आहे.

मराठी माणसाला इथे एक खास फायदा आहे. 1964 मध्ये लिस्कर आणि अब्रमसन यांनी अकरा भाषांमधल्या स्पर्श व्यंजनांची (प, त, ब, द यांसारखी, हवा पूर्ण अडवून सोडलेली) मोजमापं प्रसिद्ध केली, त्यांत मराठीही होती. मोजायचं काय, तर जीभ किंवा ओठ सुटतात तो क्षण आणि स्वरतंतू थरथरू लागतात तो क्षण, यांतलं अंतर. याला व्हॉइस ऑनसेट टाइम म्हणतात, लॅबमध्ये सगळे नुसतं व्हीओटी म्हणतात. 'त' मध्ये ते अगदी थोडं, 'थ' मध्ये बरंच जास्त, आणि 'द' मध्ये उणे, म्हणजे जीभ सुटायच्या आधीच कंपनं सुरू. पण 'ध' सुद्धा उणेच येतो. 'द' आणि 'ध' यांना वेगळं करायला नुसतं व्हीओटी पुरत नाही. जीभ सुटल्यावर स्वरात मिसळलेला श्वास धरावा लागतो. इंग्रजीवर बेतलेली पद्धत आपल्या भाषेपाशी अशी अडते. ज्याच्या तोंडात त, थ, द, ध चारही लहानपणापासून बसलेत त्याला ही अडचण चटकन उमगते.

म्हणूनच परदेशी लॅबमधून तयार मिळणारे आवाज तसेच वापरू नका. इंग्रजीतली 'बा-पा' मालिका साधारण 0 ते 60 मिलिसेकंदांमध्ये फिरते. मराठी कानाला तिच्या सुरुवातीचा 'बा' बऱ्याचदा 'पा' वाटतो, आणि शेवटचा 'पा' ओठ मिटून म्हटलेल्या 'फा' कडे झुकतो. खरा मराठी 'ब' त्या मालिकेत नाहीच. मग मेंदूच्या लहरींत फरक दिसला तरी तो कशाचा म्हणायचा?

पहिला सराव म्हणून 'ता' ते 'था' ही मालिका करा. ॲम्स्टरडॅमला बोअर्स्मा आणि वेनिंक यांनी लिहिलेलं, आवाज तपासायचं आणि घडवायचं प्राट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात क्लॅटग्रिड आहे, एमआयटीच्या डेनिस क्लॅट यांच्या 1980 च्या सिंथेसायझरवर आधारलेलं. (स्टीफन हॉकिंग यांचा ओळखीचा आवाजही क्लॅट यांच्या कामातूनच आलेला.) 'आ' साठी पहिला फॉर्मंट 700 हर्ट्झच्या आसपास, दुसरा 1200 च्या आसपास ठेवून सुरुवात करा. मग प्रत्येक पायरीला स्वरतंतूंचा आवाज 10 मिलिसेकंद उशिरा सुरू करा आणि मधल्या जागेत श्वासाचा आवाज भरा. ऐकताना मजा येते. तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या पुढे कुठेतरी अक्षर पालटतं.

आता खरा प्रश्न. तो श्वास स्वराच्या आधी जोडलात तर अख्खं अक्षर लांबलं. स्वर कापून त्यात बसवलात तर स्वर आखूड झाला. दोन्हीकडे एकाऐवजी दोन गोष्टी बदलल्या, आणि मेंदू लांबीलाही प्रतिसाद देतो. शिवाय स्वरतंतू उशिरा सुरू झाले की तोवर पहिला फॉर्मंट वर चढलेला असतो, आणि ऐकणारा त्याचाही आधार घेतो. यातलं काय राखायचं, काय सोडायचं आणि सोडलं त्याची तपासणी दुसऱ्या कुठल्या मालिकेनं करायची, हे ठरवण्यात माझ्या मते या क्षेत्राचं निम्मं शिक्षण होतं. न्यूरल टीटीएसला (लिहिलेलं वाचून दाखवणाऱ्या आजच्या एआय मॉडेलला) 'थोडा कमी थ म्हण' असं सांगता येत नाही. ते मॉडेल जरूर शिका, वाक्यं तयार करायला ते उत्तमच आहे, पण हे आधी.

ईईजीच्या, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी मोजायच्या लॅबमध्ये गेलात की कष्टाचं काम सुरू होतं. प्रयोगाला येणाऱ्यांना आदल्या दिवशी सांगावं लागतं की केस धुऊन या, तेल लावू नका. तेलकट टाळूवर इलेक्ट्रोड नीट लागत नाहीत. दुसरी गोष्ट वेळेची. प्रोग्रॅम म्हणतो 'आवाज वाजवला', पण त्या क्षणी तो हेडफोनपर्यंत पोचलेला नसतो. हेडफोनची वायर ऑसिलोस्कोपला किंवा ईईजीच्या रिकाम्या चॅनेलला जोडून हा उशीर स्वतः मोजा. उशीर ठरावीक असेल तर वजा करता येतो. दर वेळी बदलत असेल तर सरासरीत सगळं फिसकटतं. एकसारख्या आवाजांत मधेच वेगळा आवाज आला की उमटणारी मिसमॅच निगेटिव्हिटी नावाची जी लहर आपण शोधतो ती बदल झाल्यापासून साधारण 100 ते 250 मिलिसेकंदांत येते आणि जेमतेम काही मायक्रोव्होल्टची असते. 1997 मध्ये न्याटानेन आणि सहकाऱ्यांनी एस्टोनियन भाषेतला एक स्वर फिनिश लोकांना ऐकवला तेव्हा ही लहर अपेक्षेपेक्षा लहान आली, कारण तो स्वर त्यांच्या भाषेत नाही. एवढा बारीक फरक ढिसाळ घड्याळात सापडायचा नाही.

आता उलटी दिशा, म्हणजे मेंदूतून आवाज काढायचा. बातम्यांत येतं ते हेच. इथेही सिंथेसिस कळणाऱ्याला जास्त दिसतं, कारण सिंथेसायझरला कोणती आज्ञा द्यायची हे ठरवणं म्हणजेच मेंदू काय हाताळतो याबद्दल अंदाज बांधणं. बोस्टन विद्यापीठाच्या फ्रँक ग्वेंथर यांचं डिव्हा मॉडेल स्वतःच्या कृत्रिम तोंडानं बोलतं आणि स्वतःचं ऐकून सुधारतं. 2009 मध्ये त्यांच्या गटानं शरीर पूर्ण लुळं पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूतल्या संकेतांतून थेट फॉर्मंट चालवले. 50 मिलिसेकंदांत त्याला आपला स्वर ऐकू येत होता. 2019 मध्ये चँग यांच्या प्रयोगशाळेतल्या गोपाळ अनुमंचिपल्ली आणि सहकाऱ्यांनी आधी जीभ-ओठ-जबड्याच्या हालचाली ओळखल्या आणि त्यांतून आवाज बनवला. अनुमंचिपल्ली आयआयआयटी हैदराबादमध्ये शिकले आणि त्यांची पीएचडी स्पीच सिंथेसिसमधली. मेंदूकडे ते नंतर वळले. 2023 मध्ये याच प्रयोगशाळेनं पक्षाघातामुळे वाचा गेलेल्या एका स्त्रीच्या मेंदूतल्या संकेतांतून मिनिटाला 78 शब्दांच्या वेगानं मजकूर उमटवला, आणि तिच्या लग्नातल्या रेकॉर्डिंगवरून घडवलेला आवाजही तिला दिला. 2025 मध्ये यूसी डेव्हिसच्या मैत्रेयी वैरागकर आणि सहकाऱ्यांनी एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाण्याचा आजार) झालेल्या माणसाला जवळपास तत्काळ आवाज दिला. त्यात तो प्रश्नाचा हेल काढू शकत होता, साधी चाल गुणगुणू शकत होता. मला हे काम सगळ्यांत मोलाचं वाटतं. 'येतोस' आणि 'येतोस?' यांतला फरक शब्दांत नसतो, आणि तो गेला की माणसाचं निम्मं बोलणं गेलं.

हे सगळं आज प्रामुख्यानं इंग्रजीत चाललंय. मराठीच्या चार स्पर्शांवर, 'ळ' वर, 'जरा थांब' मधल्या आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा' मधल्या दोन वेगळ्या 'ज' वर असे प्रयोग करायला खूप जागा आहे.

शिकायचं कुठे? बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये बोलण्याच्या हालचाली आणि एएलएस रुग्णांचं बोलणं यांवर काम चालतं, आणि तिथल्या सिस्पिन प्रकल्पात मराठी सिंथेसिसही आहे. आयआयटी मुंबई आणि आयआयटी मद्रास इथे स्पीचचं काम भक्कम आहे. ऑडिऑलॉजीच्या बाजूनं यायचं तर म्हैसूरची आयश (ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग) आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था. मेंदूच्या बाजूनं बंगळुरूचं निम्हान्स आणि मानेसरचं एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र). इंजिनिअर असाल तर ध्वनिविज्ञानाचा एक कोर्स करा, भाषेकडून येत असाल तर पायथन आणि सिग्नल प्रोसेसिंग शिका. दुसऱ्या बाजूची किमान भाषा आली नाही तर मीटिंगमध्ये नुसतं बसून राहावं लागतं.

प्राध्यापकांना ईमेल लिहाल तेव्हा 'मला एआय आणि न्यूरोसायन्समध्ये रस आहे' एवढंच लिहू नका. तुमची 'ता-था' मालिका जोडा, तिची प्राट स्क्रिप्ट जोडा, घरच्या-दारच्या मराठी माणसांना अक्षर कुठल्या पायरीवर पालटल्यासारखं वाटलं त्याचा आलेख जोडा, आणि लांबीचा प्रश्न तुम्ही कसा सोडवलात ते चार ओळींत सांगा.