रॉक गीतांतले ग्रीक देव : ‘रश’ या बँडचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी

रॉक संगीतातील अभिजात आणि तात्त्विक संदर्भ हा विषय एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी घ्यावा असे वाटणारे विद्यार्थी अधूनमधून माझ्याशी बोलायला येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात एक यादी असते. अमुक गाण्यात अपोलो आहे, तमुक गाण्यात इंग्रजी कवी कोलरिजची कविता आहे, एका मुखपृष्ठावर माग्रीत या चित्रकाराची छाया आहे, अशी ती यादी असते. ती करावीच लागते, पण अभ्यासाला खरी सुरुवात ती करून झाल्यावर होते. इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी असताना मी कॅनडातील ‘रश’ या बँडच्या गीतांवर काम केले, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले : गीतकाराने मूळ कल्पना जशीच्या तशी कुठे ठेवली आणि कुठे वाकवली, हे दाखवता आले तरच त्या संदर्भाविषयी आपण काही सांगितले असे म्हणता येते. ज्ञानेश्वरी वाचताना गीतेचा कोणता श्लोक चालू आहे एवढेच पाहून आपण थांबत नाही. त्या श्लोकावर ओव्यांनी काय रचले याकडे आपले लक्ष असते. दोन्ही कृतींची पातळी एक आहे असे मी म्हणत नाही, पण वाचनाची ही सवय मराठी विद्यार्थ्याकडे आधीपासून असते आणि या कामात ती फार उपयोगी पडते.

‘रश’ची स्थापना १९६८ मध्ये टोरांटोत झाली. गेडी ली (गायन आणि बेस), ॲलेक्स लाइफसन (गिटार) आणि १९७४ मध्ये आलेले ड्रमवादक नील पीअर्ट हे तिघे पुढे चार दशके एकत्र राहिले. बँडची जवळजवळ सर्व गीते पीअर्ट यांनी लिहिली. शिक्षण अर्धवट सोडून ते तरुणपणी नशीब काढायला लंडनला गेले आणि परतल्यावर काही काळ वडिलांच्या शेती-अवजारांच्या व्यवसायात काम करत होते. त्यांचे वाचन स्वतःच्या आवडीने, दौऱ्यांच्या प्रवासात आणि हॉटेलच्या खोल्यांत झालेले आहे. अभ्यासकाने हे ध्यानात ठेवावे, कारण त्यांच्या गीतांतले तत्त्वज्ञान विद्यापीठाच्या वाटेने आलेले नाही.

नवख्याने सुरुवात १९७८ च्या ‘हेमिस्फिअर्स’ (म्हणजे अर्धगोल) या अल्बमपासून करावी, असे मी आग्रहाने सांगतो. त्याची पहिली संपूर्ण बाजू म्हणजे सुमारे अठरा मिनिटांची एकच रचना आहे. बुद्धीचा देव अपोलो आणि प्रेमाचा देव डायोनिसस हे दोघे माणसाच्या भवितव्यावर हक्क सांगतात. लोक आधी अपोलोच्या मागे जातात आणि नगरे बांधतात. मग त्यांना त्यात पोकळी जाणवू लागते आणि ते डायोनिससच्या हाकेला ओ देऊन रानात, मद्य आणि प्रेमाच्या जगात जातात. पुढे हिवाळा येतो, लांडगे येतात, उपासमार होते. लोकांत फूट पडून युद्ध पेटते. अखेरीस आधीच्या अल्बममध्ये कृष्णविवरात शिरलेला प्रवासी देहहीन रूपात ऑलिंपस या देवांच्या पर्वतावर पोहोचतो आणि देव त्याला सिग्नस हे नाव देऊन समतोलाचा देव ठरवतात.

हे ऐकल्यावर कोणीही लगेच ‘नीत्शे’ असे लिहून मोकळा होईल, कारण अपोलो आणि डायोनिसस यांची जोडी आधुनिक विचारात रूढ केली ती जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या १८७२ च्या ‘द बर्थ ऑफ ट्रॅजेडी’ या पुस्तकाने. पण ते पुस्तक शांतपणे वाचले की अडचण दिसते. नीत्शेचा अपोलो स्वप्नाचा, आकाराचा, सुंदर आभासाचा देव आहे. कोरड्या तर्कबुद्धीचे प्रतिनिधित्व तिथे सॉक्रेटिस करतो, आणि त्याच्या प्रभावामुळेच ग्रीक शोकांतिका संपली असा नीत्शेचा आरोप आहे. पीअर्ट यांचा अपोलो मात्र शहाणपण, शोध आणि बांधकाम यांचा देव आहे, म्हणजे नीत्शेने सॉक्रेटिसवर टाकलेला बराचसा भार इथे अपोलोच्या खांद्यावर आला आहे. डायोनिससचेही तसेच. युरिपिडीसच्या ‘बाकाय’ या नाटकात त्याच्या कृपेने बेभान झालेली आई स्वतःच्या मुलाला, पेन्थियसला, फाडून टाकते; ‘रश’च्या रचनेत तो प्रेमाचा वाहक म्हणून येतो, आणि त्याच्या अनुयायांचे हाल होतात ते त्याच्या उन्मादाने नव्हे, थंडीची बेगमी न केल्यामुळे. समतोलाचा तिसरा देव तर ग्रीक कथेत नाहीच. नीत्शेला या दोन प्रेरणांचा तणाव कलेसाठी सुपीक वाटतो. पीअर्ट यांना तो तणाव मिटवायचा आहे, आणि मिटवणारा त्यांनी देवांतून न निवडता माणसांतून निवडला आहे. माझ्या मते या रचनेचा तात्त्विक आशय इथेच आहे, आणि मूळ ग्रंथ शेजारी ठेवल्याखेरीज तो हाती लागत नाही.

संदर्भ कोणत्या वाटेने आला हेही शोधावे. या रचनेच्या प्रेरणेबद्दल बोलताना पीअर्ट यांनी ‘ॲडम स्मिथ’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अमेरिकी लेखकाच्या, मनाच्या शक्तींविषयीच्या लोकप्रिय पुस्तकाचा उल्लेख केला आहे. सत्तरच्या दशकात मेंदूच्या डाव्या आणि उजव्या अर्धगोलांची चर्चा अमेरिकेत सर्वत्र होती. त्यामागच्या संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. डावा भाग तर्काचा आणि उजवा भावनेचा ही तेव्हाची सोपी विभागणी आज मेंदूविज्ञान मान्य करत नाही, पण त्या काळी ती किती मोहक होती हे ह्यू साइम यांनी केलेल्या मुखपृष्ठावर दिसते : प्रचंड मेंदूवर एकीकडे सूट आणि गोल हॅट घातलेला गृहस्थ, दुसरीकडे नृत्याच्या पवित्र्यातला नग्न पुरुष. गीतात अर्धगोल आहेत, दुभंगलेले जग आहे, मेंदू कुठेच नाही. तो केवळ चित्रात आहे. शब्दांतले ग्रीक देव आणि चित्रातले शरीरशास्त्र एकत्र ठेवूनच शीर्षकाचा अर्थ पुरा होतो. म्हणून मुखपृष्ठाला सजावट समजून परिशिष्टात ढकलू नये.

आता ऐकण्याविषयी. साहित्याचे विद्यार्थी गीते कागदावर वाचतात आणि संगीताला एखादा परिच्छेद देतात, हे मला सतत खटकते. अपोलोचा भाग आणि डायोनिससचा भाग लागोपाठ ऐका. दोन्ही देवांना एकच संगीत दिलेले आहे, तीच चाल, तीच बांधणी, फक्त शब्द बदललेले. बुद्धीला एक धून आणि प्रेमाला दुसरी, अशी सहज सुचणारी सोय बँडने नाकारली आहे. दोघांची हाक सारखीच भुरळ घालते आणि दोघेही सारखेच अपुरे आहेत, हा निवाडा शब्दांच्या आधी कानाला कळतो. युद्धाच्या भागात हीच वाद्ये आक्रमक होतात, आणि शेवटच्या छोट्या भागात सगळा गोंगाट थांबून अकूस्टिक गिटारवर हृदय आणि मन यांच्या एकत्र येण्याची इच्छा गायली जाते. संगीतशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसले तरी एवढे ऐकू येते आणि लिहिता येते.

त्याच शेवटच्या भागात हृदय आणि मन मिळून एक पूर्ण गोल व्हावा, अशी प्रतिमा आहे. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्ये ॲरिस्टोफेनिस सांगतो की मूळची माणसे गोल होती आणि झ्यूसने ती चिरून दोन केली, ग्रीक तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीसच्या विश्वकल्पनेत प्रेमाच्या सत्तेखाली सारी तत्त्वे एका गोलात विलीन होतात. साम्य इतके देखणे आहे की लिहिणाऱ्याचा हात आवरत नाही. तरीही इथे तीन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात : गीतकाराने स्वतः सांगितलेला स्रोत, गीतातल्या नावांवरून किंवा शब्दांवरून सिद्ध होणारा स्रोत, आणि केवळ आपल्याला दिसलेले साम्य. प्लेटो आणि एम्पेडोक्लीस इथे तिसऱ्या पायरीवर आहेत. ते लघुप्रबंधात जरूर यावेत, पण ‘पीअर्ट यांनी प्लेटोकडून घेतले’ असे वाक्य येऊ नये. बहिस्थ परीक्षक नेमके त्यावरच बोट ठेवतात.

दुसरा आवश्यक अल्बम म्हणजे १९७६ चा ‘२११२’. भविष्यातल्या एका राज्यात पुरोहितांची सत्ता आहे. एका माणसाला जुनी गिटार सापडते, तो ती पुरोहितांकडे नेतो आणि ते ती मोडून टाकतात. टोकाच्या व्यक्तिवादाचा पुरस्कार करणाऱ्या लेखिका आयन रँड यांच्या १९३८ च्या ‘अँथम’ या लघुकादंबरीशी असलेले नाते बँडने अल्बमवरच ऋणनिर्देश करून मान्य केले आहे. तिथला नायक विजेचा दिवा पुन्हा शोधतो; दिव्याच्या जागी वाद्य येताच विज्ञानाची कथा कलेची होते. पुरोहितांची मंदिरे सिरिंक्सच्या नावाची आहेत. ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसेस’च्या पहिल्या खंडात पॅन देवापासून पळणारी सिरिंक्स ही अप्सरा बोरू होते, आणि त्याच बोरूंपासून पॅन आपली बासरी करतो. संगीतावर बंदी घालणाऱ्यांच्या मंदिराला वाद्याच्या जन्मकथेतले नाव आहे, आणि नायकाला गिटार सापडते त्या भागात लाइफसन मोकळ्या तारा छेडत, हळूहळू सुरात आणत, जणू प्रथमच हाती घेतल्याप्रमाणे ती वाजवतात. हा भाग हेडफोन लावून ऐकावा.

रँड यांचे नाव आले की राजकारण आलेच. १९७८ मध्ये एका ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने बँडवर फॅसिस्ट विचारांचा शिक्का मारला. गेडी ली यांचे आईवडील नाझी छळछावण्यांतून वाचलेले होते, त्यामुळे हा घाव किती खोल असेल याची कल्पना करता येते. ‘२११२’ या अल्बमवरचा लाल तारा आणि त्यासमोर उभा नग्न पुरुष हे चिन्ह व्यक्ती विरुद्ध सामूहिक दडपशाही असे होते, हे साइम आणि पीअर्ट या दोघांनीही सांगितले आहे. पुढे पीअर्ट रँड यांच्यापासून पुष्कळ दूर गेले. म्हणून १९७६ च्या गीताचा अर्थ २०१२ च्या मुलाखतीवरून लावू नये. प्रत्येक विधानाची तारीख शेजारी नोंदवावी.

‘झॅनडू’ (१९७७) आणि ‘फ्रीविल’ (१९८०) ही गाणी अभ्यासाला सोपी आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. पहिल्यात कोलरिजची ‘कुब्ला खान’ आहे, पण पीअर्ट यांना ती कल्पना प्रथम ‘सिटिझन केन’ या चित्रपटावरून सुचली. कवितेत नसलेला अमरत्वाचा शाप हे त्यांचे योगदान आहे. दुसऱ्यात निवड टाळणे हीही निवडच असते, असा विचार येतो. तो फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रमध्ये आहे, त्याआधी अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्समध्येही आहे, त्यामुळे एकट्या सार्त्रचे नाव लिहिण्यापूर्वी दोघांना वाचावे.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. विषय एका अल्बमपुरता ठेवा; संपूर्ण बँड हा पीएच.डी.चा आवाका आहे. गीतांचा पाठ अल्बमसोबतच्या छापील पुस्तिकेतून घ्या, कारण इंटरनेटवरचे पाठ ऐकीव आणि चुकांनी भरलेले असतात. गीते लेखाधिकारात असल्याने ओळ-दोन ओळींपलीकडे उद्धृत करू नका. आशय स्वतःच्या शब्दांत मांडा. मार्गदर्शकांना रॉक संगीत ठाऊक नसेल तर बिघडत नाही, ग्रीक नाटक किंवा नीत्शे ठाऊक असणारे मार्गदर्शक मात्र मिळवा. आधीचे काम वाचायला हवे : क्रिस मॅकडोनल्ड यांनी २००९ मध्ये या बँडचे उपनगरी मध्यमवर्गाशी असलेले नाते तपासले आहे, आणि शब्दांत अडकलेल्या अभ्यासकाला ते पुस्तक श्रोत्यांकडे पाहायला लावते. या विषयामुळे नोकरी सरळ मिळत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. पण नेट या प्राध्यापक-पात्रता परीक्षेच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमातील नाटक, साहित्यसमीक्षा आणि सांस्कृतिक अभ्यास हे घटक या निमित्ताने पक्के होतात, आणि पुढे वर्गात शोकांतिका शिकवताना अपोलो-डायोनिससचे ते एकसारखे संगीत असलेले दोन भाग ऐकवले की नीत्शेच्या मांडणीतला फरक मुले स्वतःच विचारू लागतात.