ससा फर्निचर कुरतडतोय? संखेड्याचा झोपाळा असा वाचवा

बडोद्यातल्या मराठी घरात ससा आला की पहिली संक्रांत येते ती संखेडा गावच्या लाकडी झोपाळ्यावर. लाखेचा रंग चढवलेले ते कातीव पाय त्याच्या बरोब्बर तोंडाशी येतात. त्याच्यावर ओरडून काही होत नाही. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर. त्यामुळे कुरतडणं बंद होणार नाही, ते दुसरीकडे वळवायचं.

आधी टॉर्च घेऊन खाली बसा आणि खुणा पाहा. जमिनीपासून वीतभर उंचीवर शेजारी शेजारी दोन बारीक चर, आत उघडं पडलेलं फिकट लाकूड आणि खाली लाखेचे तांबडे कपचे दिसले, तर खूण ताजी आहे. जाळी किंवा दाराची चौकट कुरतडत असेल तर त्याला बाहेर यायचंय. सशीण गालिच्याचा कोपरा उकरून दातांनी ओढत असेल तर ती वयात आली असण्याची शक्यता जास्त. सशांची सवय असलेल्या डॉक्टरांना नसबंदीबद्दल विचारा. पहाटे आणि तिन्हीसांजेला ससे सर्वात चळवळे असतात, तेव्हा लक्ष ठेवा.

मग वायरी, आणि त्या आजच्या आज. मे महिन्यात कूलरची वायर हमखास जमिनीवर लोळत असते. ती कडक पीव्हीसीच्या केसिंगमध्ये घाला. मऊ प्लास्टिकची नळी तो सहज फोडतो. प्लायवूडच्या कडांना ॲल्युमिनियमची एल पट्टी ठोका. झोपाळ्याच्या गोल पायांना पीव्हीसी पाइप उभा चिरून चढवा. दिसायला बरं दिसत नाही, पण पाय वाचतात. गालिचा तर उचलूनच ठेवा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे गिळलेले धागे किंवा प्लास्टिक पोटात अडकू शकतं.

खरा उपाय मात्र गवतात आहे. लाकूड दिलं की दात झिजतात असं पुष्कळ जण समजतात, पण दाढा झिजतात त्या गवत रवंथल्यासारखं तासन् तास चावल्यानं. रोज सशाच्या अंगाएवढा ढीग सुकं गवत हवं, म्हणजे आहाराचे जवळजवळ ८० टक्के. चारावाल्याकडून घेताना मूठभर गवत नाकाशी धरा. कुबट वास आला किंवा धूळ उडाली तर घेऊ नका. चारावाला रजको, म्हणजे लसूणघास, पुढे करील. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला तो चालतो, मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार. गवत त्याच्या शू-शीच्या ट्रेला लागूनच ठेवा, कारण ससे तिथे बसल्या बसल्या खातात. खंडेराव मार्केटातली कोथिंबीर, मुळ्याचा पाला धुऊन द्या, पण गवताच्या बदल्यात नाही.

सोबत फवारणी न केलेल्या पेरूच्या किंवा तुतीच्या फांद्या आणि टेप, पिना काढलेलं पुठ्ठ्याचं खोकं द्या. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, ती विषारी आहे. या वस्तू तो जिथे कुरतडतो तिथेच ठेवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नाही. दात लावताना दिसला की एकदा टाळी वाजवा आणि लगेच फांदी पुढे करा. मारू नका, पिंजऱ्यात कोंडून शिक्षाही करू नका.

कडू स्प्रेवर माझा फारसा भरवसा नाही. काही ससे तोही चाटतात. मिरचीपूड तर मुळीच लावू नका, डोळ्यांत जाते.

हनुवटी ओली दिसली, लाळ गळू लागली किंवा गवत तोंडात घेऊन टाकून देत असेल, तर दातांचं दुखणं आहे असं समजून डॉक्टरांना दाखवा. बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता लगेच घेऊन जा.