कमरेला मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर लावण्याआधीची तयारी

दुकानात गेले की काचेखालचे रिव्हॉल्व्हर आधी हातात येते, आणि कायदा, कपडे, पट्टा, सराव, घरातली तिजोरी या गोष्टी पैसे मोजून झाल्यावर आठवतात. टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला राहणाऱ्या मी हा उलटा क्रम एकदा करून पाहिला आणि हौसेने घेतलेले हलके .४४ सहा महिन्यांत तोट्यात विकले. म्हणून पुढची तयारी मी ज्या क्रमाने करायला हवी होती त्या क्रमाने मांडली आहे. अमेरिकेत कायदेशीररीत्या कपड्यांआड शस्त्र बाळगण्याचे ज्यांनी ठरवले आहे आणि नेहमीच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाऐवजी ज्यांचे मन मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, .४४ किंवा .४५ च्या रिव्हॉल्व्हरकडे ओढ घेते, अशा मराठी मंडळींसाठी ती आहे. नियमांचे दाखले बहुतेक टेक्सासचे आहेत. इतर राज्यांतल्या वाचकांनी ते आपापल्या राज्यापुरते तपासून घ्यावेत.

सर्वांत आधी स्वतःचा इमिग्रेशनचा दर्जा पाहावा. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला शस्त्र किंवा काडतुसे विकत घेण्यास आणि जवळ ठेवण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर रोज कमरेला शस्त्र लावण्याचा विचार वकिलाशी बोलल्याखेरीज करू नये. ग्रीनकार्डधारकांना आणि नागरिकांना ही आडकाठी नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून हँडगन घेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण लागतात, ती आपण राहतो त्याच राज्यात घ्यावी लागते, आणि ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरून पार्श्वभूमीची तपासणी व्हावी लागते. आपल्या लोकांनी इथे एक गोष्ट आठवणीने करावी: वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एका ओळखपत्रावर मधले नाव म्हणून असते, दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर असते आणि तिसऱ्यावर मुळीच नसते, तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी ड्रायव्हिंग लायसन्स आणि ग्रीनकार्ड शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते. तरीही एलटीसी, म्हणजे राज्याचा परवाना, काढावाच असे माझे ठाम मत आहे. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत शस्त्र नेण्यास संघराज्याची जी बंदी आहे तिच्यातून राज्याच्या परवानाधारकाला सूट मिळते. आणि उपनगरात सकाळी दुधाला निघालेला माणूसही दोन-तीन शाळांच्या जवळून जातोच. परवान्याच्या नेमबाजीच्या परीक्षेत ३, ७ आणि १५ यार्डांवरून एकूण ५० फैरी झाडाव्या लागतात. ती उसन्या ९ मिलिमीटरवर न देता, जे रिव्हॉल्व्हर घ्यायचे मनात आहे तसलेच भाड्याने घेऊन द्यावी. पन्नासाव्या फैरीपर्यंत हात टिकला नाही, तर पुढची अर्धी यादी वाचण्याची गरज उरत नाही.

हा परवाना सगळीकडे चालत नाही हेही वहीत लिहून ठेवावे. न्यू जर्सी दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाही, शिवाय तिथे पोकळ टोकाच्या गोळ्यांवर वेगळे निर्बंध आहेत, त्यामुळे एडिसनच्या मावसभावाकडे गाडीने जाणाऱ्याने रिव्हॉल्व्हर घरी ठेवूनच निघावे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी मॉडेल आवडण्याआधी ते तिथल्या मंजूर यादीत आहे की नाही ते पाहावे. मोठ्या बोअरची आखूड रिव्हॉल्व्हरे मुळात थोडी, आणि त्या यादीत आणखी थोडी.

जिथे शस्त्र नेताच येत नाही अशा जागांची स्वतःच्या आठवड्याप्रमाणे नोंद करावी. शाळा, संघराज्याच्या इमारती, निम्म्याहून जास्त कमाई दारूतून असल्याची ५१ टक्क्यांची लाल पाटी लावलेले बार आणि कपड्यांआड शस्त्र आणण्यास मनाई करणारी ३०.०६ ची पाटी लावलेली खासगी जागा हे सर्वांना ठाऊक असते. आपल्याकडचा घोटाळा निराळ्याच ठिकाणी होतो: मंडळाचा गणेशोत्सव, दिवाळी, नाटकाचा प्रयोग आणि रविवारची मराठी शाळा हे बहुतेक वेळा भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात असते. आरतीला जाताना ती शाळा आहे हे डोक्यातून जाते. गाडीत ठेवायचे झाल्यास आसनाखाली साखळीने जखडलेली कुलुपाची पेटी हवी, पण अशा दिवशी शस्त्र घरीच ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

यानंतर कपडे आणि हालचाली. अमेरिकन पुस्तकांत बसणे, गाडी चालवणे, वरच्या फळीवरची वस्तू काढणे एवढ्याच हालचाली तपासायला सांगतात. आपल्याला त्यांत भर घालावी लागते. वाकून मोठ्यांच्या पाया पडताना सदरा मागून वर सरकतो आणि उजव्या कुशीमागे लावलेल्या रिव्हॉल्व्हरची मूठ कापडातून ठसठशीत दिसते. जमिनीवर मांडी घालून बसले की पुढच्या बाजूला लावलेले रिव्हॉल्व्हर जांघेत रुतते आणि नळी कुठे रोखली आहे याचा विचारही करवत नाही. गळाभेट घेणाऱ्याचा हात नेमका कमरेवर पडतो. म्हणून आरशासमोर या तिन्ही गोष्टी रिकाम्या रिव्हॉल्व्हरसह करून पाहाव्यात. वजनाची परीक्षा त्याहून सोपी आहे: किलोभर तांदळाची पिशवी पट्ट्याला घट्ट बांधून एक शनिवार घरात वावरावे. दुपारच्या जेवणानंतर ती सोडून ठेवाविशी वाटली, तर महिन्याभरात रिव्हॉल्व्हरही कपाटातच राहील.

आता बोअर. नावांनी फसू नये: .३८ स्पेशलची गोळी प्रत्यक्षात ०.३५७ इंचाची असते आणि .४४ ची सुमारे ०.४३ इंचाची. कपड्यांआड बाळगण्यासाठी खऱ्या अर्थाने तीनच पर्याय विचारात घ्यावेत. .४४ स्पेशल हा पहिला. .४५ कोल्ट हा १८७३ च्या सिंगल ॲक्शन आर्मीबरोबर नावारूपाला आलेला दुसरा. आणि तिसरा म्हणजे मुळात पिस्तुलाचे असलेले .४५ एसीपी, जे पहिल्या महायुद्धातल्या एम१९१७ रिव्हॉल्व्हरांपासून चंद्रकोरीसारख्या पातळ पत्र्याच्या क्लिपांत अडकवून वापरले जाते. १९५५ च्या अखेरीस आलेले .४४ मॅग्नम हे शिकारीचे आणि अलास्कातल्या अस्वलांचे काडतूस आहे; त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल चालते, उलटे मात्र कधीही करू नये, कारण मॅग्नमची पुंगळी लांब आणि दाब कितीतरी अधिक असतो.

इथे थोडे स्पष्ट बोलायला हवे. जुन्या पद्धतीचे .४४ स्पेशल २४६ ग्रेनची, म्हणजे सुमारे १६ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण २३० मीटर वेगाने सोडते. ९ मिलिमीटरची गोळी याच्या साधारण निम्म्या वजनाची असली तरी वेगाने जाते आणि ऊर्जेच्या हिशेबात दोन्ही जवळपास सारख्याच निघतात. मोठ्या बोअरमध्ये जादू नाही. पाच काडतुसे, ती धरणारे जाड फिरते सिलिंडर आणि महाग सराव एवढे सोसून हाती येते ते इतकेच, की जड गोळीचे काम वेगावर फारसे अवलंबून नसते आणि आखूड नळीतून .३५७ मॅग्नम जसा कानठळ्या बसवणारा स्फोट करते तसा .४४ स्पेशल करत नाही. उरलेली हौस आहे, आणि ती हौस आहे हे स्वतःशी कबूल केलेले बरे. ज्यांना पन्नास फैरी जड जातात त्यांनी .३८ स्पेशल घ्यावे; त्यात कमीपणा काहीच नाही.

वजनावर मात्र घासाघीस करावी. काडतूस तेच असेल तर धक्क्याची ऊर्जा रिव्हॉल्व्हरच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. १९७३ मध्ये बाजारात आलेले चार्टर आर्म्सचे बुलडॉग सुमारे २० औंसांचे, म्हणजे पाऊण किलोहूनही बरेच हलके, रुगरचे .४४ स्पेशलमधले जीपी१०० तीन इंची नळीसह ३६ औंसांचे, म्हणजे किलोभर. दोन्ही पाच काडतुसांची, पण पहिल्यात हाताला बसणारा धक्का दुसऱ्याच्या पावणेदोन पटींहून जास्त. स्मिथ अँड वेसनचे ३२९पीडी २५ औंसांच्या आसपास असून त्यात पूर्ण ताकदीचे .४४ मॅग्नम भरता येते. ते जंगलात दिवसभर वागवायचे आणि क्वचितच झाडायचे असे हत्यार आहे. माझे मत तीस ते छत्तीस औंस, पोलादी फ्रेम, तीन इंची नळी आणि पाच खाने या बाजूचे आहे. नळी कमरेत सहज लपते. लपत नाही ते सिलिंडर. म्हणून दुकानात नळीची लांबी विचारण्याआधी सिलिंडरची जाडी विचारावी: स्मिथच्या मोठ्या एन फ्रेमचे सुमारे १.७ इंच भरते, छोट्या जे फ्रेमचे १.३ च्या आसपास, आणि सदऱ्याखाली हा अर्धा इंचाहून कमी फरक लगेच उठून दिसतो.

वस्तू हातात घेतली की ती रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून घ्यावे, विक्रेत्याने आत्ताच पाहिले असले तरीही. मग परवानगी घेऊन घोडा न चढवता चाप सावकाश ओढावा. ओढा दहा-बारा पौंडांचा असणारच, तो एकसारखा आहे की मध्येच अडखळतो ते पाहावे. चाप पूर्ण ओढून धरलेला असताना सिलिंडर अंगठ्याने डावी-उजवीकडे हलवून पाहावे. किंचित हालचाल चालते, खडखडाट चालत नाही. नळीच्या मागच्या तोंडाशी आणि सिलिंडरमध्ये असलेली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजावी: ०.००४ ते ०.००८ इंच ठीक, त्याहून फार मोठी असेल तर आगीचे लोट बाजूला निघतात. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या त्या तोंडाला केसासारखी चीर आहे का, आणि सिलिंडरवरच्या फ्रेमच्या पट्टीला आगीने खाच पडली आहे का, हे टॉर्च लावून पाहावे. शेवटी रिकाम्या पुंगळ्या भरून, नळी वर धरून, पुंगळ्या बाहेर ढकलणारी इजेक्टरची कांडी एका फटक्यात दाबावी. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरांत ही कांडीही आखूड असते आणि .४५ कोल्टसारख्या लांब पुंगळ्या पूर्ण बाहेर पडत नाहीत. एखादी पुंगळी कडेला अडकून बसते आणि ती नखाने ओढत बसावे लागते.

काडतुसे निवडताना रेंजवर एक परीक्षा करावी, जी मी केली नव्हती. पाचही खाने भरावेत, चार फैरी झाडाव्यात आणि न झाडलेले पाचवे काडतूस काढून नव्या काडतुसाशेजारी टेबलावर उभे करावे. हलक्या रिव्हॉल्व्हरच्या धक्क्याने पुंगळीतली गोळी पुढे सरकते. माझ्या काडतुसात ती टाचणीच्या डोक्याएवढी बाहेर आलेली स्पष्ट दिसत होती. आणखी थोडी सरकली असती तर सिलिंडर फ्रेमला अडकून फिरणेच बंद झाले असते. मी ते रिव्हॉल्व्हर विकले त्याचे कारण हेच. पोकळ टोकाची गोळी आखूड नळीतून कमी वेगाने निघाल्यास उमलेलच असे नाही, म्हणून बाळगायची काडतुसे आणि सरावाची काडतुसे एकाच ठिकाणी लागतात का एवढे तरी पाहावे. आपल्या इथल्या घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर ठोकलेल्या जिप्समच्या पत्र्यांच्या असतात आणि अशी कुठलीही गोळी त्या सहज ओलांडते. बेडरूमच्या दारातून कोणत्या दिशेला शेजाऱ्याचे मूल झोपते हे आधीच ठाऊक असावे.

होल्स्टर चाप पूर्ण झाकणारे आणि शस्त्र काढल्यावर तोंड न मिटणारे असावे. पट्टा खास याच कामासाठी बनवलेला, दुहेरी चामड्याचा घ्यावा; कार्यालयात वापरायचा पट्टा किलोभर वजनाखाली आठवड्यात पिळवटतो. जास्तीची पाच काडतुसे रबराच्या चपट्या पट्टीत खिशात मावतात, सगळी काडतुसे एकदम भरणारा गोल स्पीडलोडर मावत नाही. सरावाला महिन्याकाठी पन्नासची एक पेटी आणि घरी खोट्या काडतुसांवर रोज दहा मिनिटे चाप ओढणे एवढे बसेल, तरच खरेदी करावी. .४४ स्पेशलची पेटी ९ मिलिमीटरच्या तुलनेत बरीच महाग पडते, तेव्हा वर्षभराच्या पेट्यांची किंमत रिव्हॉल्व्हरच्या किमतीतच धरावी.

घरातल्या तिजोरीची जागा रिव्हॉल्व्हर आणण्यापूर्वी ठरलेली असावी. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेले शस्त्र लागू शकेल असे ठेवणे हा गुन्हा आहे. आपल्या घरांत दुसरीही एक बाजू असते: भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. आई रिकामी बसत नाही, तिसऱ्या दिवशी कपाटे आवरायला घेते, आणि मोज्यांच्या खणात तिला काय सापडेल याचा विचार आधी करायला हवा. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांनी शस्त्र हाताळणेही कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे, त्यामुळे बाबांना फोटोपुरतेसुद्धा ते हातात देऊ नये, रेंजवर तर नेऊच नये. तिजोरीचे आकडे त्यांना सांगू नयेत. तिथे तिजोरी आहे आणि तिच्यात काय आहे एवढे मात्र सांगावे.

शेवटची नोंद मुंबईच्या विमानाची. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला कधीही वापरू नये. भारतीय विमानतळावर सामानात एक सुटे काडतूस सापडले तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो, आणि ते चुकून राहिले होते हे सिद्ध करायला कोर्टाच्या तारखा पडतात. गेल्या वर्षी पुण्याला निघण्याच्या आदल्या रात्री मी मुलाची जुनी सॅक उलटी करून झटकली, तेव्हा खोडरबर, दोन क्रेयॉन आणि खाऊचे कागद पडले. काडतूस पडले नाही, ते अस्तराच्या शिवणीत अडकले होते आणि बोट फिरवल्यावर हाताला लागले.