विहिरीत टीसीएल टाकताना: किती, कसे आणि का

गढूळ पाणी आले, जुलाब सुरू झाले की विहिरीत टीसीएल पडते. पण बहुतेकदा अंदाजाने, आणि सुकी पावडर थेट वरून. अशाने गुठळ्या तळाला बसतात, एका बाजूचे पाणी उग्र होते आणि बाकीची विहीर तशीच राहते.

टीसीएल म्हणजे टिकाऊ केलेली ब्लीचिंग पावडर. विरवलेल्या कोरड्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ती बनवतात. चार्ल्स टेनंटने १७९९ साली तिचे पेटंट घेतले ते कापड पांढरे करण्यासाठी. अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या नळाच्या पाण्यात ती १९०८ साली पडू लागली. पाण्यात विरघळली की तिच्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतू मारते ते हेच.

आधी पाणी मोजा. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये घ्या. व्यासाचा वर्ग × खोली × ७८५ केले की लिटर मिळतात. व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर १६ × ३ × ७८५, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर १,००० लिटरला ५ ग्रॅम लागते, म्हणून इथे साधारण १९० ग्रॅम. पोत्यावर ३३ टक्के छापलेले असले तरी उघड्या पोत्यातले क्लोरीन दमट हवेने आणि उन्हाने घटत जाते. तपासणीत २५ टक्के निघाले तर तेच प्रमाण ६.६ ग्रॅम होते. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नका. जास्त टाकून भरपाई करायला गेलात तर पाण्यात नुसता चुना वाढतो.

एका प्लास्टिकच्या बादलीत १०० ग्रॅमहून जास्त पावडर घेऊ नका. वरच्या हिशेबाला दोन बादल्या लागतील. आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून खळ करा, मग पाऊण बादली पाणी घालून काठीने ढवळा. ५ ते १० मिनिटांत पांढरा गाळ खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता. गाळ फेकून द्या. तो चुनाच आहे, विहिरीत गेला तर पाणी जड करतो. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, आडवी-तिडवी जोरात हलवा. त्यानंतर तासभर कुणी पाणी भरू नये, म्हणून हे काम रात्री, उपसा थांबल्यावर करणे सोयीचे. गावाची पाण्याची टाकी असेल तर ती भरत असतानाच निवळी सोडा, आपोआप मिसळते.

क्लोरीन आधी पाण्यातली माती, कुजलेला पाला, शेणाचा निचरा यांच्यावर खर्च होते आणि त्यातून उरेल तेच कामाचे. म्हणून पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी, पाणी निवळल्यावर टीसीएल. घरच्या २० लिटरच्या हंड्याला अर्धा ग्रॅम तुरटी बहुतेक वेळा पुरते. दोन्ही एकदम टाकले तर गाळाच्या कणांत दडलेले जंतू क्लोरीनच्या हाती लागत नाहीत.

उरलेले क्लोरीन ओटी टेस्टने, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या द्रावणाने पाहतात. खुणेपर्यंत पाणी, त्यात किटवर लिहिलेले थेंब, हलवा आणि १० सेकंदांच्या आत पिवळा रंग ताडून बघा. मोकळे क्लोरीन लगेच रंग देते. अमोनियाशी जोडले गेलेले क्लोरीन सावकाश, १५-२० मिनिटांत. ते जंतू मारण्यात फार कमजोर असते. नळी ठेवून चहा पिऊन आलात तर सगळे ठीक दिसेल, आणि ते खोटे असेल. पाण्यातले लोह आणि मँगनीजही पिवळेपणा देतात. विहिरीत तासाभराने ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर यायला हवे, नाहीतर पुन्हा टाका. नळाला किमान ०.२, आणि तेही टाकीजवळच्या नव्हे, वस्तीतल्या शेवटच्या नळाला. तिथे काही दिसत नसेल आणि टाकीजवळ भरपूर असेल, तर पाइपलाइन कुठेतरी गटाराशेजारी फुटली आहे का ते आधी शोधा. तपासलेले पाणी पिऊ नका. ओटीचे द्रावण विषारी आहे.

नुसत्या वासावर भिस्त ठेवू नका. गोठ्याचे पाणी विहिरीत झिरपत असेल तर क्लोरीन कमी असतानाही उग्र वास येतो. नायट्रेट किंवा फ्लोराइड टीसीएलने जात नाही, आणि अमिबाच्या कोषांसाठी पाणी उकळणेच खात्रीचे.

पोते अंधाऱ्या, कोरड्या खोलीत, लाकडी फळीवर, तोंड घट्ट बांधून ठेवा. त्याच खोलीत युरिया, डिझेल किंवा संडास धुण्याचे ॲसिड नको. ॲसिड सांडून पावडरला लागले तर थेट क्लोरीन वायू सुटतो; तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. अशा वेळी खाली वाकून पुसत बसू नका, खोलीबाहेर पडा, दार उघडे ठेवा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा.