एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी सोबत कशी ठेवावी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं नोकरीसाठी पुण्या-बेंगळूरला गेली की घरी आई किंवा वडील एकटेच उरतात. फोन रोज होतो, पण समोर बसून बोलणारं कुणी नसतं. सोबतीला माणूस ठेवायचं असेल तर असं करा.

१. आधी त्यांनाच विचारा. "तुम्हाला सांभाळायला बाई ठेवतोय" म्हटलं की नकार येणारच. "बाजारात, बँकेत जाताना कुणी बरोबर असलं तर बरं ना?" असं विचारा. तरीही नको म्हणाले तर थोडे दिवस थांबा. लादलेली सोबत टिकत नाही.

२. काम ठरवा. गप्पा, पेपर वाचणं, देवळापर्यंत चालत जाणं, बरोबर जेवणं, गोळ्यांची आठवण करणं, एवढंच. इंजेक्शन आणि जखमेची पट्टी नर्सकडे. धुणीभांडीही सोबतीच्या बाईच्याच गळ्यात घातली, तर बोलायला वेळ उरत नाही.

३. माणूस निवडताना भाषा बघाच. आपल्या भागात हे सगळ्यात महत्त्वाचं. मनातलं बोलायला मराठी हवी, पण हेस्कॉमचं लाईटबिल, रेशनचा कागद, सरकारी नोटीस कन्नडमध्ये येते. ज्यांना ती लिपी येत नाही, त्यांच्याकडे असे कागद डब्यात साठत राहतात आणि मनात धास्ती बसते. दोन्ही भाषा जाणणाऱ्या बायका आपल्या गल्लीतच सापडतात, म्हणून एजन्सीच्या आधी शेजारी आणि महिला मंडळात विचारा. आधारकार्डाची प्रत घ्या, आधीच्या घरी चौकशी करा.

४. पहिल्या एक-दोन वेळी तुम्ही हजर राहा. सुरुवात आठवड्यातून दोन-तीनदा, ठरलेल्या वेळी दोन तास. तिला एक गोष्ट नक्की सांगा: आज्जींच्या हातातलं काम काढून घेऊ नका. भाजी त्या निवडतील, तुम्ही शेजारी बसा. लोणच्याचं प्रमाण त्यांना विचारा. पावसाळ्यात खानापूरकडे बाहेर पडणंच अवघड होतं, तेव्हा सोबतीचे तास वाढवा.

५. पासबुक, दागिने, एटीएमचा पिन यांच्यापासून तिला लांबच ठेवा. किरकोळ खर्च वहीत लिहू द्या.

जेवण कमी होणं, तोल जाणं, तेच तेच विचारणं दिसलं तर तिनं त्याच दिवशी तुम्हाला कळवावं. तातडीच्या मदतीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्येष्ठांच्या मदतीचा १४५६७ हे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवा, आणि घराची एक किल्ली शेजाऱ्यांकडे द्या.