जुन्या पोकेमॉन कार्ट्रिजची बॅटरी कशी बदलावी आणि त्याआधी खेळ कसा वाचवावा

'पोकेमॉन गोल्ड' किंवा 'पोकेमॉन सिल्व्हर' या गेम बॉयवरील व्हिडिओ खेळांची कार्ट्रिज (खेळ साठवलेल्या, यंत्रात खोचायच्या प्लास्टिकच्या डब्या) ज्यांच्या घरी अजून आहेत, त्यांनी ती कपाटातून लवकर बाहेर काढावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे खेळ जपानमध्ये १९९९ साली आणि अमेरिकेत २००० साली विक्रीला आले. त्यांत जतन केलेला खेळ अशा चिपमध्ये राहतो की जिला सतत वीज मिळाली तरच तिच्यातील नोंदी टिकतात, आणि ती वीज कार्ट्रिजच्या पोटातील नाण्याएवढ्या बॅटरीतून येते. बॅटरी संपली की आपण पकडलेले सगळे पोकेमॉन (खेळातील काल्पनिक प्राणी), त्यांना दिलेली नावे आणि लढाया जिंकून मिळवलेले बॅज एकदमच नाहीसे होतात. खेळ मात्र पहिल्या दिवसासारखा नव्याने सुरू होतो.

आमच्या सोलापूरच्या घरी ही दोन कार्ट्रिज २००२ च्या उन्हाळ्यात आली. परदेशात नोकरीला असलेल्या मावसभावाने माझ्यासाठी सोनेरी आणि थोरल्या भावासाठी चंदेरी कार्ट्रिज आणले होते. गेम बॉय कलर या हातात धरून खेळायच्या निन्टेन्डो कंपनीच्या यंत्राच्या पडद्यामागे दिवा नसतो, त्यामुळे त्यावरचे चित्र बाहेरच्या उजेडातच नीट दिसते, आणि उजेडाची आपल्या गावाला कधीच कमतरता नव्हती. सकाळी ऊन चढण्यापूर्वी ओट्यावर आणि दुपारी खिडकीशी बसून आम्ही दोघे आळीपाळीने खेळत असू. दादाने आपल्या फेरॅलिगेटर या मगरीसारख्या पोकेमॉनला 'भीमा' हे नाव दिले होते, कारण मगर म्हटली की त्याला आजोळच्या नदीशिवाय दुसरे काही सुचले नाही. काही वर्षांपूर्वी माझे सोनेरी कार्ट्रिज मी एका दुरुस्तीच्या दुकानात दिले. कारागिराने बॅटरी सफाईने बदलली, परंतु आतला खेळ आधी वाचवायचा असतो हे त्यांना ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. माझा सगळा खेळ त्या दहा मिनिटांत पुसला गेला. दादाचे चंदेरी कार्ट्रिज दुरुस्त करताना मात्र आम्ही क्रम बदलला, आणि तोच क्रम येथे सांगत आहे.

सर्वप्रथम आपल्या हातात कोणते कार्ट्रिज आहे, ते ओळखावे. गोल्ड, सिल्व्हर आणि त्यांच्याच जोडीचा क्रिस्टल यांत सीआर२०२५ ही बॅटरी असते. तिच्यावर जतन केलेल्या खेळाबरोबर दिवस-रात्र दाखवणारे घड्याळही चालते, म्हणून ती त्याआधीच्या रेड आणि ब्लू या खेळांतील बॅटरीपेक्षा लवकर संपते. रेड-ब्लूची बॅटरी कोणती आहे, हे कार्ट्रिज उघडून तिच्यावरील आकडा वाचूनच ठरवावे. गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या नंतरच्या यंत्रावरील रूबी, सफायर आणि एमराल्ड यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांत सीआर१६१६ बॅटरी केवळ घड्याळासाठी असते आणि खेळ विजेशिवायही नोंदी टिकवणाऱ्या फ्लॅश चिपमध्ये लिहिलेला असतो, त्यामुळे बॅटरी संपली तरी खेळ शाबूत राहतो. ज्यांच्याकडे हे तीन खेळ आहेत, त्यांनी घाई करण्याचे कारण नाही.

आता खेळ वाचवण्याकडे वळू. यात चूक झाली तर पुढची सारी दुरुस्ती व्यर्थ जाते, म्हणून येथे वेळ घ्यावा. कार्ट्रिज चालू करून जुना खेळ दिसतो का, ते पाहावे. दिसत असेल तर बॅटरीत अजून जीव आहे. ट्रेनर कार्डचा (ट्रेनर म्हणजे खेळातील आपण), सोबतच्या सहा पोकेमॉनचा आणि उरलेले पोकेमॉन साठवलेल्या बॉक्समधील यादीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. त्यानंतर दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग कार्ट्रिज रीडरचा. हे छोटे उपकरण यूएसबीने संगणकाला जोडले की कार्ट्रिजमधील जतन केलेला खेळ फाइलच्या रूपात उतरवून घेता येतो, आणि बॅटरी बदलल्यावर तीच फाइल परत कार्ट्रिजमध्ये लिहिता येते. मला हाच मार्ग अधिक योग्य वाटतो, कारण यात खेळ जसाच्या तसा परत मिळतो. फाइल उतरवल्यावर तिची एक प्रत दुसऱ्या ठिकाणीही ठेवावी.

दुसरा मार्ग जुना आहे आणि तो या खेळाच्या मूळ कल्पनेशी जोडलेला आहे. पोकेमॉनचे निर्माते सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता, आणि दोन गेम बॉय जोडणाऱ्या केबलमधून असेच जीव एकमेकांकडे देता-घेता येतील, या विचारातून १९९६ साली पहिले पोकेमॉन खेळ जपानमध्ये आले. त्याच केबलने आपले लाडके पोकेमॉन दुसऱ्या कार्ट्रिजमध्ये तात्पुरते मुक्कामाला पाठवता येतात. त्यासाठी दोन गेम बॉय, दुसरे गोल्ड, सिल्व्हर किंवा क्रिस्टल कार्ट्रिज आणि गेम बॉय कलरची लिंक केबल लागते. अ‍ॅडव्हान्ससाठी बनवलेली केबल या खेळांना चालत नाही. प्रत्येक देवाणीत घेवाणही करावी लागते, म्हणून दुसऱ्या कार्ट्रिजमध्ये बदल्यात देण्यासाठी साधे पोकेमॉन आधीच पकडून ठेवावेत. या काळात केबल हलू देऊ नये आणि गेम बॉयमध्ये नवे सेल घालूनच बसावे. अर्थात ज्या कार्ट्रिजकडे पोकेमॉन पाठवायचे, त्याची बॅटरी आधी बदललेली असली पाहिजे. आमच्याकडे ते काम माझ्या रिकाम्या झालेल्या सोनेरी कार्ट्रिजने केले.

खेळ सुरक्षित झाल्यावरच स्क्रूला हात लावावा. कार्ट्रिजच्या मागे एकच स्क्रू असतो, पण तो साध्या पेचकसाने उघडत नाही, त्याला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट (अशा स्क्रूसाठीचे खास पेचकसाचे टोक) लागतो, जो बहुधा ऑनलाइन मागवावा लागतो. पेनचे प्लास्टिक वितळवून स्क्रूवर दाबण्याची युक्ती कोणी सांगितली तरी करू नये, कारण स्क्रूचे डोके एकदा खराब झाले की मग काहीच उपाय चालत नाही. काम करताना टेबलावर पांढरा कागद अंथरावा. आपल्याकडे टेबलावर सोलापुरी चादर असतेच, पण तिच्या वेलबुट्टीत पडलेला हा बारीक स्क्रू पुन्हा सापडायला संध्याकाळ होते. स्टीलच्या ताटातही बोर्ड ठेवू नये, कारण बॅटरीचे टोक धातूला लागून शॉर्ट होऊ शकते.

स्क्रू निघाला की दोन्ही भाग किंचित सरकवून अलग करावेत. आतील हिरव्या बोर्डावर निन्टेन्डोचे नाव छापलेले असेल, तर कार्ट्रिज खरे असण्याची शक्यता मोठी असते. चिपच्या जागी काळा गोळा दिसला, तर ती बहुधा नक्कल असते. जुनी बॅटरी धातूच्या दोन पट्ट्यांनी बोर्डाला डकवलेली असते. पट्ट्या उपटू नयेत. जुन्या सोल्डरवर (जोड देणाऱ्या वितळवलेल्या धातूवर) तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नने थोडे नवे सोल्डर लावले की ते लवकर वितळते आणि पट्टी अलगद सुटते.

नवी बॅटरी मुद्दाम पट्टी जोडलेलीच घ्यावी. नुसत्या बॅटरीवर सोल्डरिंग केल्यास उष्णतेने ती फुटू शकते, आणि चिकटपट्टीने बसवल्यास थोड्याशा धक्क्यानेही संपर्क तुटून खेळ पुन्हा पुसला जातो. सीआर२०२५ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडी. सीआर२०३२ ही ३.२ मिलिमीटर जाड असल्याने कार्ट्रिज नीट बंद होईलच असे नाही. बोर्डावर अधिक आणि उणे या खुणा असतात, त्या पाहूनच पट्ट्या जोडाव्यात, आणि शेवटी मल्टिमीटर या वीज मोजणाऱ्या उपकरणाने दोन टोकांत सुमारे ३ व्होल्ट मिळतात का, ते तपासावे. सोल्डरिंगची सवय नसेल तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून हे काम आपल्या देखत करून घ्यावे. जुनी बॅटरी घरातील लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये; गिळली गेल्यास ती अन्ननलिकेला गंभीर इजा करते.

कार्ट्रिज उघडेच आहे, तर त्याचे पितळी दिसणारे दातही आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून घ्यावेत. आपण सगळे लहानपणी कार्ट्रिजमध्ये फुंकर मारत आलो, परंतु श्वासातील ओलाव्याने ते दात काळवंडतात.

आता परीक्षा. खेळ सुरू करून जतन करावा, गेम बॉय बंद करावा आणि एक दिवस कार्ट्रिजला हात लावू नये. दुसऱ्या दिवशी खेळ जागेवर असेल, तर बॅटरी नीट बसली आहे. घड्याळही तपासावे: संध्याकाळी ६ नंतर खेळात रात्र होते आणि रूट २९ या खेळातील रस्त्यावर हूटहूट हा घुबडासारखा पोकेमॉन दिसू लागतो. खेळातील किडे पकडण्याची स्पर्धा मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारीच भरते, तर युनियन केव्ह या गुहेतील लाप्रास हा पोकेमॉन फक्त शुक्रवारी येतो. यानंतर कार्ट्रिज घराच्या आतल्या खोलीतील कपाटात ठेवावे; पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते मुळीच ठेवू नये.

रीडरने फाइल परत लिहिली असेल, तर काम येथेच संपते. केबलचा मार्ग घेतलेल्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. नव्याने सुरू केलेल्या खेळात ट्रेनरचा क्रमांक बदलतो, म्हणून परत आलेले जुने पोकेमॉन त्या खेळाला परक्याचे वाटतात आणि पुरेसे बॅज नसताना मोठ्या लेव्हलचा पोकेमॉन सांगितलेले ऐकत नाही. आठवा बॅज मिळाला की तो पूर्णपणे ऐकू लागतो. भीमा परत आला, तेव्हा दादाच्या नव्या खेळात एकही बॅज नव्हता, आणि लढाईत तो बऱ्याचदा नुसता उभा राहत होता. पण त्याच्या माहितीच्या पानावर पहिल्या ट्रेनरचे नाव आणि जुना क्रमांक तसाच होता, जो दादाने २००२ च्या उन्हाळ्यात आमच्या ओट्यावर बसून सुरू केलेल्या खेळाचा आहे.