वीस अंशांचा त्रिकोण: स्पर्धेतली भूमिती साइन लावून आणि न लावता

स्पर्धेतल्या भूमितीत साइन-कोसाइन वापरणे म्हणजे पळवाट, असे मानणारे पुष्कळ आहेत. परीक्षक तसे मानत नाही. सिद्धता पुरी असेल तर गुण तेवढेच मिळतात. अडचण वेगळीच असते: साइन कधी काढायचा आणि कधी खिशात ठेवायचा, हे कळत नाही. ते एका जुन्या गणितावर पाहू. एडवर्ड लँगली यांनी ते १९२२ साली इंग्लंडच्या ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’मध्ये दिले होते.

△अबक मध्ये अब = अक आणि ∠अ = २०°. बाजू अक वर ड हा बिंदू असा की ∠डबक = ६०°. बाजू अब वर प असा की ∠पकब = ५०°. तर ∠बडप किती?

आधी आकृती, तीही मापात

बक ५ सेमी घ्या आणि दोन्ही टोकांना ८०° चे कोन काढा. अब सुमारे १४.४ सेमी येते, म्हणून कागद उभा धरा. हाताने काढलेल्या बसक्या त्रिकोणात पड ही बक ला समांतर भासते आणि विद्यार्थी नकळत ते धरून चालतो. मापातल्या आकृतीत हा भास टिकत नाही: कड ६.७ सेमी, बप ५ सेमी, म्हणजे ड चांगलाच वर आहे. बप आणि बक सारख्याच भरतात, हेही इथेच दिसते. कोनमापक लावला तर उत्तर ३०° च्या आसपास येते. मोजमाप म्हणजे सिद्धता नव्हे, पण कुठे पोहोचायचे ते कळते.

कोन भरा आणि अडकलात हे ओळखा

△बपक मध्ये ८०°, ५०° आणि उरलेला ५०°, म्हणून बप = बक. △बडक मध्ये ६०°, ८०° आणि ४०°. बड आणि कप जिथे छेदतात तिथे ७०° चा कोन होतो. आता ∠बडप ला क्ष आणि ∠कपड ला य म्हणा. छेदनबिंदूपाशी विरुद्ध कोन घेतले की क्ष + य = ११०° मिळते. दुसरे समीकरण △अपड मधून काढायला जावे तर २० + (१४० − क्ष) + (१३० − य) = १८०, म्हणजे पुन्हा क्ष + य = ११०° हेच. आणखी कितीही त्रिकोण धुंडाळले तरी ० = ० च हाती लागते, आणि अर्धा तास इथेच जातो. कारण साधे आहे: प आणि ड यांच्या जागा लांबीने ठरतात, आणि नुसत्या कोनांच्या बेरजेत लांबी येतच नाही. तेच समीकरण दुसऱ्यांदा आले की कोन भरणे थांबवा. लांबी आणायचे मार्ग दोनच आहेत, साइन सूत्र किंवा नवी रचना.

साइन लावून

साइन सूत्र दहावीच्या पुस्तकात नसते, पण एका ओळीचे आहे: बाजू भागिले तिच्या समोरच्या कोनाचा साइन, हे गुणोत्तर त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंसाठी सारखे असते. बक = १ माना. मग बप = १ आणि △बडक वरून

बड = साइन ८०° ÷ साइन ४०° = २ कोसाइन ४०°

△बपड मध्ये ब पाशी २०°, ड पाशी क्ष, प पाशी १६०° − क्ष. म्हणून

साइन (२०° + क्ष) ÷ साइन क्ष = २ कोसाइन ४०°

क्ष = ३०° ठेवा: साइन ५०° ÷ ½ = २ साइन ५०° = २ कोसाइन ४०°. जुळले.

बरेच जण इथेच पेन ठेवतात आणि गुण गमावतात. ३०° चालते हे दाखवले, दुसरे काही चालत नाही हे कुठे दाखवले? डावी बाजू उलगडली की कोसाइन २०° + साइन २०° × कोटॅन्जंट क्ष होते. क्ष वाढला की कोटॅन्जंट घटतच जातो, म्हणून उत्तर एकच. हे वाक्य लिहायलाच हवे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन कोनांचे साइन सारखे दिसले की कोन सारखे म्हणून टाकणे. ते पूरकही असू शकतात. दशांश अपूर्णांकात आकडेमोड करून ‘जवळजवळ ३०’ लिहिणे आरएमओ-आयएनएमओत (गणित ऑलिंपियाडच्या प्रादेशिक आणि राष्ट्रीय फेऱ्यांत) निरुपयोगी आहे. त्यांच्या आधीच्या पात्रता परीक्षेत, म्हणजे आयओक्यूएममध्ये, फक्त पूर्णांक उत्तर द्यायचे असते. तिथे उत्तर हेरायला ते पुरते.

साइन न लावता

वरच्या आकडेमोडीत दोन खुणा पडल्या आहेत. बप = बक, आणि उत्तर ३०°, म्हणजे ६०° चे निम्मे. वर्तुळात केंद्रापाशी ६०° असेल तर परिघावर ३०° असतो. तेव्हा समभुज त्रिकोण शोधा; बप ही त्याची एक बाजू असणार.

अक वर म असा घ्या की ∠मबक = २०°. △बमक मध्ये २०°, ८०°, ८०°, म्हणून बम = बक = बप. ∠पबम = ८० − २० = ६०°, म्हणजे △बपम समभुज. आता ∠मबड = ६० − २० = ४०° आणि ∠मडब सुद्धा ४०°, म्हणून मड = मब. थोडक्यात मब = मप = मड: ब, प, ड हे म केंद्र असलेल्या वर्तुळावर आहेत. केंद्रापाशी ∠बमप = ६०°, आणि ड हा बप च्या त्याच बाजूला आहे जिकडे म, म्हणून ∠बडप = ३०°.

ही रचना जेम्स मर्सर यांची, १९२३ ची. ‘त्याच बाजूला’ हे शब्द गाळू नका. ड पलीकडे असता तर कोन १५०° झाला असता.

कोणते आधी?

वर्तुळ, स्पर्शिका, चक्रीय चौकोन दिसला की आधी कोन भरा. तिथे साइन घुसवला तर वही भरते, गणित सुटत नाही. नुसते कोन दिले असतील आणि एकच कोन अज्ञात उरत असेल तर साइन बेधडक लावा. दोन अज्ञात उरले तर मात्र पान उलटण्याआधी रचना शोधलेली बरी.

१९९६ च्या अमेरिकी राष्ट्रीय ऑलिंपियाडमधले हे गणित पाहा. (त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईत भरले होते.) △अबक च्या आत न; ∠नअब = १०°, ∠नबअ = २०°, ∠नअक = ४०°, ∠नकअ = ३०°. त्रिकोण समद्विभुज आहे हे दाखवा.

∠नबक = क्ष म्हटले तर ∠नकब = ८०° − क्ष. आतल्या तीन त्रिकोणांना साइन सूत्र लावून गुणले की सेव्हाच्या प्रमेयाचे साइनरूप मिळते:

साइन १०° × साइन क्ष × साइन ३०° = साइन ४०° × साइन (८०° − क्ष) × साइन २०°

डावीकडचे कोन नअब, नबक, नकअ असे एकाच दिशेने फिरत घ्या, म्हणजे जोड्या चुकत नाहीत. साइन २०° = २ साइन १०° कोसाइन १०° वापरून

साइन क्ष ÷ साइन (८०° − क्ष) = ४ साइन ४०° साइन ८०°

४ साइन २०° साइन ४०° साइन ८०° = साइन ६०° हे सूत्र पाठ असावे; त्यावरून क्ष = ६०°. क्ष वाढताना डावी बाजू वाढतच जाते, म्हणून हेच एक उत्तर. ∠ब = ८०°, ∠अ = ∠क = ५०°.

आता साइनशिवाय. ∠अनब = १५०° आहे. रेषा बन मध्ये अ चे प्रतिबिंब र घ्या; ∠अनर = ३६० − ३०० = ६०°, आणि नअ = नर, म्हणून △अनर समभुज. ∠अकन = ३०° हा ६०° चा निम्मा, आणि क व र हे अन च्या एकाच बाजूला, म्हणून क हा र केंद्र असलेल्या वर्तुळावर: रअ = रक. ∠कअर = ६० − ४० = २०°, तेव्हा ∠अरक = १४०°. प्रतिबिंबामुळे बअ = बर आणि ∠अबर = ४०°, म्हणून ∠बरअ = ७०°. ब आणि क हे अर च्या एकाच बाजूला असल्याने ∠बरक = १४० − ७० = ७०°. बर सामाईक. बाकोबा कसोटीने △बरअ आणि △बरक एकरूप, म्हणून बअ = बक.